गावचे तंत्रशिक्षण केंद्र : जागा, गरज आणि कार्यकर्ता

शेतीत नवे साधन आले म्हणजे ते वापरण्याचे शिक्षणही त्याच्या मागोमाग बांधापर्यंत आले पाहिजे, हा कृषिविस्ताराचा पहिला नियम होय. पाठीवरचा फवारणी पंप आला तेव्हा कार्यकर्त्यांनी तो शेतात नेऊन, खांद्यावर घेऊन चालवून दाखविला. संकरित बियाणे आले तेव्हा प्रात्यक्षिकाचे प्लॉट घातले गेले. आज शेतकऱ्याच्या खिशात मोबाइल आला आहे आणि पीकविम्यापासून बाजारभावापर्यंत अनेक कामे त्यावर होत आहेत. परंतु त्याचे प्रात्यक्षिक मात्र सर्वांच्या दारी पोहोचलेले नाही. ज्यांच्याकडे शिक्षण व सवड आहे ते आपले आपण शिकतात. अर्धवट शाळा सुटलेले तरुण, मजूर, भूमिहीन कुटुंबे आणि स्त्रिया मागे राहतात.

याचा अनुभव मला सन २०२३ च्या खरिपात आला. माझ्या कार्यक्षेत्रातील एका विधवा भगिनीचे दीड एकर सोयाबीन ओढ्याच्या पुराखाली गेले. पिकाचा विमा उतरविलेला होता. त्या वेळच्या नियमाप्रमाणे नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावयाची होती आणि ती मोबाइलवरून देता येत होती. या बाईंना कोणीतरी सांगितले की, तालुक्याला जाऊन लेखी अर्ज द्यावा लागतो. रस्ता पाण्याने बंद होता. चौथ्या दिवशी त्या अर्ज घेऊन आल्या, तेव्हा मुदत टळून गेली होती. दहावीत नापास होऊन घरी बसलेला त्यांचा मुलगा सोबत होता. बाई म्हणाल्या, “साहेब, पोराकडे मोबाइल आहे की. पण हे त्याला कुणी दाखवलंच नाही.”

त्या गावात पेरणीनंतर मी स्वतः सभा घेऊन योजनेचे नियम वाचून दाखविले होते. ती सभा सकाळी अकरा वाजता, पंचायतीच्या कचेरीत, खुरपणीच्या ऐन दिवसांत झाली होती. ज्या बाईंना माहितीची सर्वांत अधिक गरज होती, त्या वेळी त्या दुसऱ्याच्या शेतात मजुरीस गेल्या होत्या. सभेची नोंद वहीत झाली, शिकवण मात्र झाली नाही. प्रस्तुत लेख या चुकीतून सुचलेला आहे.

केंद्र म्हणजे काय?

गावातील तंत्रशिक्षण केंद्र म्हणजे केवळ संगणक ठेवलेली खोली नव्हे. तसेच पैसे घेऊन दुसऱ्याचा अर्ज भरून देणारे दुकानही नव्हे. जेथे मनुष्य आपल्या गरजेचे काम घेऊन येतो, ते स्वतःच्या हाताने करावयास शिकतो आणि पुन्हा अडल्यास पुन्हा येऊ शकतो, ते केंद्र होय. ठरावीक दिवसांचा वर्ग संपतो, केंद्राचे दार मात्र उघडे राहते. केंद्र सरकारने २०१७ साली ग्रामीण भागासाठी डिजिटल साक्षरता अभियान हाती घेतले आणि ते मार्च २०२४ मध्ये पूर्ण झाले. त्यातील अभ्यासक्रम वीस तासांचा होता. वीस तासांत ओळख होते. हात बसण्यासाठी मात्र नित्य सराव लागतो, आणि सरावासाठी जवळ जागा लागते.

ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. सन १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातील शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवावे आणि सारे गाव साक्षर झाल्यावर ग्रामगौरव समारंभ करावा, अशी तिची पद्धत होती. म्हणजे साक्षरतेचा मान एकेका व्यक्तीचा न राहता गावाचा झाला. आजच्या तंत्रसाक्षरतेसही हेच धोरण लागू पडते.

पाबळचा प्रयोग : हाताने शिकणे

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे. हा अवर्षणाचा प्रदेश. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेले अन्नतंत्र शास्त्रज्ञ एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून या गावी आले आणि १९८३ साली त्यांनी तेथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. शाळेत नापास झालेला मुलगा बुद्धीने कमी असतो हे त्यांना मान्य नव्हते. पुस्तकातून जे शिकता येत नाही ते काम करता करता शिकता येते, हा त्यांच्या शिक्षणपद्धतीचा पाया होता.

तेथील शिक्षणाचे चार विभाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. विद्यार्थी एकाच कामात न अडकता चारही विभागांतील मूलभूत कामे शिकतो. वेल्डिंग, विजेची जोडणी, बांधकाम, रोपवाटिका, जनावरांची निगा, अन्नप्रक्रिया, मापन आणि हिशेब या सर्वांचा त्यांत समावेश होतो. शाळा सुटलेल्या तरुणांसाठी एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम आहे. तसेच आसपासच्या शाळांतील मुलांनी आठवड्यातून एक दिवस असे काम शिकावे, असाही उपक्रम तेथून निघाला व अनेक शाळांत पसरला.

यातील मर्म असे की, विद्यार्थ्यांनी केलेली कामे खोटी नसतात, ती गावाच्या उपयोगाची असतात. भूगर्भातील पाण्याचा अंदाज घेण्यासाठी जमिनीचा विद्युतरोध मोजण्याचे तंत्र विद्यार्थ्यांना शिकविले गेले आणि शेतकऱ्यांच्या विहिरींसाठी ते वापरले गेले. ज्या मुलाला वर्गात गणित नकोसे होते, तो शेतकऱ्याच्या विहिरीची जागा ठरविताना आकडे काळजीपूर्वक मांडतो, कारण चूक झाली तर खणण्याचा खर्च वाया जातो हे त्यास दिसत असते. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या साहाय्याने पाबळ येथे संगणकावर आराखडा करून वस्तू घडविणारी ‘फॅब लॅब’ उभी राहिली. येथे क्रम ध्यानी घ्यावा. हातातील कौशल्य व गावाची गरज एकोणीस वर्षे आधी आली, अद्ययावत यंत्र नंतर आले.

पुदुच्चेरीची ज्ञानकेंद्रे : सर्वांसाठी उघडे दार

दुसरा प्रयोग प्रौढांच्या दृष्टीने बोधप्रद आहे. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या संशोधन प्रतिष्ठानाने १९९८ साली पुदुच्चेरी भागातील खेड्यांत ज्ञानकेंद्रे सुरू केली. विल्लियनूर येथे मुख्य केंद्र होते व तेथून आसपासच्या गावांना माहिती जात असे. विजेचा भरवसा नसल्यामुळे सौर ऊर्जेची जोड दिली होती. केंद्रासाठी गावाने जागा द्यावी, चालविणारे स्वयंसेवक गावातीलच असावेत, त्यांत स्त्रियांना पुरेसे स्थान असावे, आणि दलितांसह सर्वांना तेथे मोकळेपणाने येता आले पाहिजे, असा आग्रह होता. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची होय. एखाद्या वजनदार व्यक्तीच्या ओसरीवर केंद्र भरले, तर ज्यांनी आजवर ती ओसरी ओलांडली नाही ते संगणकासाठीही ओलांडणार नाहीत.

वीरमपट्टिणम् या मच्छीमार गावी समुद्रातील लाटांच्या उंचीचा अंदाज अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावरून घेऊन तमिळ भाषेत ध्वनिक्षेपकावरून सांगितला जात असे. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आज होडी घालावी की न घालावी हे समजे. दिनांक २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा नल्लवाडु गावी या व्यवस्थेचे मोल कळले. सिंगापूरला नोकरीस गेलेल्या गावच्याच एका तरुणाने दूरध्वनीवरून धोक्याची सूचना दिली. गावकऱ्यांनी ज्ञानकेंद्राच्या ध्वनिक्षेपकावरून सर्वांना किनारा सोडण्यास सांगितले. घरे व होड्या यांची हानी झाली, पण माणसे वाचली. तेथे यंत्र साधे कर्णेच होते. परंतु ते कोठे आहे, कोणी चालवावे व सूचना ऐकल्यावर काय करावे, हे गावाला सवयीने ठाऊक होते. माझ्या गावच्या त्या भगिनीस तीन दिवसांत जे मिळाले नाही, ते नल्लवाडुला थोड्या वेळात मिळाले.

वारणेचा धडा

कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यातही १९९८ मध्ये सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला. उसाची नोंद, तोडणीचा परवाना व वजनाची पावती यांची माहिती शेतकऱ्यास गावातच मिळू लागली. हा लाभ लहान नव्हे. तथापि कालांतराने असे आढळले की, केंद्रांचा मुख्य उपयोग ऊसविषयक कामापुरताच होत आहे. पुढे काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइल संदेशाने हेच काम करून पाहिले, तेव्हा ते कमी खर्चात झाले. यावरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. कामास पुरेल तेवढेच साधन घ्यावे. आणि केंद्र केवळ एका पिकाच्या खातेदारासाठी राहिल्यास ज्याच्या नावे ऊस नाही त्यास तेथे येण्याचे कारण उरत नाही.

आपल्या गावी आरंभ कसा करावा?

१. प्रथम गरजांची नोंद घ्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने पंधरा दिवस वस्तीवस्तीत फिरून कोणाचे कोणते काम कशामुळे अडले ते वहीत टिपावे. मजुरांच्या व स्त्रियांच्या वस्तीपासून प्रारंभ करावा.

२. जागा सार्वजनिक असावी. शाळेची खोली, समाजमंदिर किंवा वाचनालय चालेल. सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांचे तेथे विनासंकोच जाणे-येणे आहे काय, हे आधी पाहावे.

३. वेळ शिकणाऱ्याच्या सोयीची ठेवावी. मजुरीवरून परतल्यावर संध्याकाळी एक तास पुरे आहे. स्त्रियांसाठी त्यांनाच विचारून वेळ ठरवावी.

४. शिकविणारे गावातील असावेत. एक तरुण व एक तरुणी निवडावी. गावातील वायरमन, वेल्डिंगवाला, शिवणकाम करणारी भगिनी यांनाही आठवड्यातून एक दिवस गुरू म्हणून बोलवावे.

५. पहिले धडे गरजेचे असावेत. आपला सातबारा उतारा उघडून नाव व गट क्रमांक तपासणे. नुकसान झालेल्या पिकाचे स्वच्छ छायाचित्र घेणे. माती परीक्षणाचा अहवाल वाचणे. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या विनाशुल्क क्रमांकावर प्रश्न विचारणे. ओटीपी कोणासही न सांगणे आणि फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळविणे. याच्या जोडीला पंपाचे नोझल साफ करणे, ठिबकची गाळणी धुणे, औषधाचे प्रमाण काढणे ही कामेही शिकवावीत.

६. कळ शिकणाऱ्यानेच दाबावी. शिकविणाऱ्याने मोबाइल आपल्या हाती घेऊ नये. वेळ अधिक लागला तरी चालेल. दुसऱ्याने भरून दिलेला अर्ज एकदाच उपयोगी पडतो, स्वतः भरलेला अर्ज पुढच्या हंगामातही आठवतो.

७. नोंदवही दोन भागांची ठेवावी. एका भागात कोण आले ते लिहावे. दुसऱ्या भागात कोण आले नाही ते लिहावे, आणि दर महिन्यास त्या घरी जाऊन कारण विचारावे. केंद्राच्या यशाचे खरे माप या दुसऱ्या भागात असते.

खर्चाची भीती बाळगण्याचे कारण नाही. आरंभास एक खोली, दिवा, फळा आणि लोकांच्या खिशातील दोन-तीन मोबाइल पुरेसे होतात. संगणक मिळाला तर उत्तमच. परंतु त्याची वाट पाहत बसू नये.

उपसंहार

त्या भगिनीची नुकसानभरपाई गेली ती गेलीच, त्याचे दुःख मला आजही आहे. पुढील वर्षी त्याच गावी शाळेच्या खोलीत आम्ही संध्याकाळचा वर्ग सुरू केला आणि त्यांच्या मुलासच पहिला स्वयंसेवक केले. विम्याच्या दिवसांत त्याने आपल्या वस्तीतील घरोघर जाऊन प्रत्येकाकडून नोंदणीची पावती उघडून घेतली व गट क्रमांक ताडून पाहिला. दोघांच्या पावतीत चूक निघाली, ती मुदतीत दुरुस्त झाली. नापास म्हणून मान खाली घालून बसणाऱ्या त्या मुलास आता लोक नावाने हाक मारून बोलावतात.

शेतकरी बंधुभगिनींनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत हा विषय मांडावा. आपल्या गावात शिकण्याची जागा कोठे होईल, शिकवील कोण आणि सर्वांत आधी कोणाच्या दारी जावयाचे, एवढ्या तीन गोष्टी त्याच दिवशी ठराव्यात. पुढचा हंगाम येण्यापूर्वी हे काम सुरू झालेले असावे.