आधी मला विचारा

पुण्यातल्या डॉक्टरांनी माझा डिमेंशिया सांगितला, तेव्हा सगळे प्रश्न मुलाला विचारले. जेवतात का, झोपतात का, चिडतात का. मी शेजारच्याच खुर्चीत होतो. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये जन्मभर हजेरी घेतली, पण तिथं माझं नाव कुणी पुकारलं नाही.

आजार अजून सुरुवातीचा आहे, तोवर हे सांगून ठेवतो. बोलणं माझं, जुळवाजुळव मुलीची.

घरी आल्यावर माझी व्यवस्था ठरली, तीही मला वगळून. दिवेलागणीच्या आत दाराला कडी. कारण खोटं नव्हतं. जुन्नर-आंबेगावात उसाला लागून घर असलं की बिबट्याचं भय रोजचंच. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. पण हळूहळू कडी दिवसाही लागू लागली. मी दार वाजवायचो. 'नाना आक्रमक झालेत' असं फाइलीत लिहिलं गेलं, गोळी वाढली. गोळीनं पाय लटपटायला लागले आणि मोरीच्या दारात पडून मनगट मोडलं.

मी का पडलो याचा अंदाज घरातल्या प्रत्येकानं बांधला. मुलीनं तेवढं मला विचारलं. दारातलं काळं पायपुसणं मला खड्ड्यासारखं दिसत होतं, म्हणून मी लांब टांग टाकत होतो. अंघोळीला नको म्हणायचो तेही त्यापायीच. तिनं पायपुसणं उचललं, भांडण मिटलं. हे कुठल्या एमआरआयमध्ये दिसणार होतं?

तेव्हा घरच्यांनी पहिलं हे करावं: माणूस चिडला की औषधाआधी त्याला कारण विचारावं. सकाळी विचारावं. माझं डोकं न्याहारीनंतर बऱ्यापैकी चालतं, ऊन कललं की घोळ सुरू होतो. एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तराला सवड द्यावी. गुरुजी असताना हे मलाही जमत नसे, ते सोडा.

संध्याकाळी मी 'घरी जायचंय' म्हणतो, असं घरचे सांगतात. मला ते आठवत नाही. माझा जन्म जुन्या आंबेगावातला. ते गाव डिंभे धरणाखाली गेलं, तालुक्याला नाव तेवढं राहिलं. 'ते बुडालं की नाना' असं कुणी म्हणालं की मी रडतो म्हणे, प्रत्येक वेळी नव्यानं. आता मुलगी 'घरात कोणकोण होतं?' असं विचारते. मी सांगत बसतो आणि चपला काढतो.

ही सगळी माहिती कागदावर आणा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 यात त्याची सोय आहे. स्मरण आणि भान यांचे गंभीर विकारही त्यात येतात. पुढं निर्णयक्षमता गेली तर उपचार कसे हवेत, कसे नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं. त्याला साक्षीदार आणि नोंदणी लागते. आपल्या वतीनं बोलणारा प्रतिनिधी मात्र साध्या कागदावर, सही किंवा अंगठा देऊन नेमता येतो. मी मुलीला नेमलं. मुलगा चार दिवस बोलला नाही. आणखी एक कलम मला फार आवडतं: उपचाराबद्दलचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून माणसाची क्षमता गेली असं ठरत नाही. जमीन आणि बँकेला हे कागद चालत नाहीत. त्यासाठी वकील वेगळा गाठा, तोही लवकर. अडल्यास ज्येष्ठांसाठी 14567 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 हे फोन आहेत.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात साठीपुढचे सुमारे 88 लाख लोक या आजारात आहेत, आणि प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त. तरी 21 सप्टेंबरच्या अल्झायमर दिनाला व्यासपीठावर तज्ज्ञ, आमदार, फार तर सेवा करणारी सून. आजारी माणूस पहिल्या रांगेत, शाल पांघरून. परदेशात 2014 पासून डिमेंशिया झालेल्यांनीच चालवलेली जागतिक संघटना आहे. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी निदान पाच मिनिटं माईक द्यावा. मी विसरेन, अडखळेन, आमदारही अडखळतात.

माझ्या कागदात फिरण्याचं कलम अजून वादात आहे. मी म्हणतो, उजाडल्यावर डांबरी रस्त्यानं, नातवाला बरोबर घेऊन, गळ्यात फोन नंबरची पट्टी. मुलगा म्हणतो, ऊसतोड होईपर्यंत नाही. यंदा कारखान्याची तोड कधी येते, याची चौकशी मीच करतोय.