परत बोलावलं म्हणून घाबरू नका, तारीखही चुकवू नका

तायांनो, छातीतली गाठ दुखत नाही म्हणून अंगावर काढू नका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. न दाबता एकाच बाजूनं पाणी किंवा रक्त येणं, बोंड आत ओढलं जाणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, औषधानं न उतरणारी लाली, यातलं काही दिसलं तर आशाताईंना सांगा आणि दवाखाना गाठा.

"एकदा सोनोग्राफी झाली, आता परत कशाला?" असं आपल्याला वाटतं. पण प्रत्येक तपासणी वेगळं सांगते. गाठ पाण्याची की भरीव, ते सोनोग्राफीत कळतं. मॅमोग्राफीत चुन्याचे बारीक कण दिसतात. सुईनं तुकडा काढला की गाठ कसली आहे ते कळतं. त्यानं कॅन्सर पसरेल ही भीती मनातून काढा. बहुतेक गाठी साध्याच निघतात. गाठ साधी वाटली तरी कधी डॉक्टर 6 महिन्यांनी बोलावतात, ती वाढत नाही ना हे बघायला. मधेच बदल दिसला तर तारखेची वाट बघू नका, लगेच जा.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस जड जातात, झोप लागत नाही. हे एकटीनं सोसू नका. गटातल्या एकीला तरी सांगा, तिला सोबत न्या. सगळे रिपोर्ट आणि फिल्म तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवा. गाडीभाड्याला अडलं तर गटातून अंतर्गत कर्ज घ्या.

येत्या बैठकीत हप्त्याबरोबर एवढं विचारा: तपासणीची तारीख कुणाची आहे, आणि सोबत कोण जाणार?