एकेकाशी बोलताना
(वैयक्तिक साक्ष आणि शिष्यत्व यांविषयी एक अभ्यासपाठ)

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, देणगीदारांची नावे आणि जमाखर्चाचा ताळेबंद यांना जागा मिळते, आणि ती मिळावीच. परंतु आपल्या मंडळीतील तरुण बंधुभगिनी अभ्यासवर्गात पुन्हा पुन्हा एक प्रश्न विचारतात. त्यालाही या अंकात चार पाने द्यावीत असे आम्ही ठरविले. प्रश्न असा : "आमच्या आळीत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, जैन आणि लिंगायत आहेत. त्यांच्या घरी आमचे पिढ्यान्‌पिढ्या जाणेयेणे आहे. अशा ठिकाणी प्रभू येशूविषयी कोणाशी बोलावे तरी कसे? की गप्पच राहावे?"

या बाबतीत दोन प्रकारची माणसे आढळतात. काहीजण समोर एकच मनुष्य असला तरी सभेत बोलावे तसे बोलतात. काहीजण सभ्यतेच्या नावाखाली जन्मभर मौन धरतात, आणि आपल्या आयुष्याचा आधार कोणता हे जिवलग मित्रालाही कळू देत नाहीत. पहिल्याच्या ठायी प्रेम कमी पडते, तर दुसऱ्याच्या ठायी धैर्य. आमचे म्हणणे एवढेच की, एकेकाशी बोलणे ही शिकून येणारी गोष्ट आहे, आणि तिचा पहिला धडा बोलण्याचा नसून ऐकण्याचा आहे.

१. शास्त्रातील दोन संभाषणे

योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडावा. सूखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीवर भर दुपारी एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. अशा स्त्रीजवळ प्रभू प्रथम काय करतो? तिला काही देत नाही, तर तिच्याजवळ पाणी मागतो. ज्याला द्यायचे आहे तोच आधी याचक होतो. पुढे ती अडचणीचे प्रश्न विचारते, उपासना कोणत्या डोंगरावर करावी असा वादाचा मुद्दाही काढते. तो तिला झिडकारीत नाही. शेवटी ती घागर तेथेच टाकून गावात जाते आणि आपल्याला काय अनुभव आला तेवढेच सांगते. लोकांना म्हणते, येऊन पाहा. गावकरी येतात, स्वतः ऐकतात, आणि आता आपला विश्वास तुझ्या सांगण्यावर नाही असे तिलाच सांगतात. साक्ष देणाऱ्याचे काम कोठे संपते हे येथे स्पष्ट दिसते. वाट दाखवावी आणि बाजूला व्हावे.

दुसरे संभाषण प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात आहे. गज्जाच्या वाटेवर कूशी देशाचा एक मोठा अधिकारी रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचीत आहे. फिलिप्प रथाबरोबर धावतो, पण आपण होऊन रथात चढत नाही. वाचता ते समजते का, एवढेच विचारतो. अधिकाऱ्याने विनंती केल्यावरच तो वर चढून बसतो, आणि तो मनुष्य जो उतारा वाचीत होता तेथूनच आरंभ करतो. आपल्या सोयीचा विषय तो पुढे ढकलीत नाही. विचारणे, बोलावण्याची वाट पाहणे आणि त्याच्याच पानावरून सुरुवात करणे, या तीन पायऱ्या तरुणांनी पाठ कराव्यात.

२. आगगाडीतील सहप्रवासी

आपल्या मराठी मुलुखातले उदाहरण हवे असेल तर कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे घ्यावे. नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने जात असता त्यांना डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. गृहस्थांनी आदराने जागा दिली, संस्कृत काव्याविषयी आस्थेने बोलणे काढले, टिळकांची मते ऐकून घेतली, मग ख्रिस्ताविषयी त्यांना काय वाटते ते विचारले आणि निरोप घेताना नव्या कराराची एक प्रत भेट दिली. ग्रंथ वाचीन असे टिळकांनी कबूल केले होते, म्हणून वाचायला घेतला. डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तो हातावेगळा करवेना. या प्रवासानंतर सुमारे दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या गृहस्थांचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. आम्हांस या कथेतील सर्वांत मोठा धडा हाच वाटतो. त्यांनी पत्ता लिहून घेतला नाही, पाठपुरावा केला नाही, आपल्या खात्यावर एक नाव जमा केले नाही. त्यांच्याजवळ होती ती थोडा वेळ पूर्ण लक्ष देऊन बोलण्याची तयारी. बाकीचे काम ग्रंथाने, टिळकांच्या स्वतःच्या शोधाने आणि देवाच्या आत्म्याने केले. कवीशी काव्याविषयी बोलणे ही युक्ती नव्हे. ज्याच्याशी बोलायचे त्याला जे प्रिय आहे त्याचा तो मान आहे.

३. समजेल अशी भाषा

फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. ते गोव्यात आले, येथली भाषा शिकले, आणि पवित्र शास्त्रातील कथा त्यांनी मराठी ओवीत सांगितली. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. परक्याने एवढे कष्ट घेतले. आपली तर ही मातृभाषा आहे. तरीही आपण शेजाऱ्याशी बोलताना 'तारण', 'नवा जन्म', 'नीतिमान ठरणे' हे शब्द असे वापरतो की जणू ते त्याच्याही रोजच्या बोलण्यातले आहेत. हे शब्द आपल्याला मोलाचे आहेत, पण उपासनामंदिराबाहेर त्यांचा अर्थ उलगडून सांगावा लागतो. 'माझ्या पापांची क्षमा झाली' असे म्हणण्यापूर्वी, 'भावाशी दहा वर्षांचा अबोला होता, तो मी मोडला, आणि ते बळ मला येथून मिळाले' असे सांगता येते का ते पाहावे. सांगता येत नसेल तर दोष भाषेचा नसतो. सांगण्यासारखे अजून घडायचे असते.

४. वाट पाहणे

निकदेमाची गोष्ट आपण तिसऱ्या अध्यायात वाचतो आणि तेथेच थांबतो. तो रात्री आला, त्याने प्रश्न विचारले, आणि निघून गेला. पण तोच निकदेम सातव्या अध्यायात सभेमध्ये प्रभूच्या वतीने एक न्यायाचा शब्द बोलतो, आणि एकोणिसाव्या अध्यायात गंधरस व अगरू घेऊन प्रभूच्या दफनविधीस उघडपणे येतो. मधल्या काळात त्याच्या मनात काय चालले होते हे शास्त्र सांगत नाही. आपणही ते उकरून काढू नये.

घरच्या माणसांच्या बाबतीत तर हा संयम फारच जरूर आहे. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही आपले सोवळे त्यांनी सांभाळले, आणि ते सुटले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात हा सारा काळ आला आहे. साक्ष देऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण एका माणसाच्या निर्णयाची किंमत घरातील दुसऱ्याला किती द्यावी लागते, हे इतके खरेपणाने क्वचितच कोणी लिहिले असेल. ज्याला ही किंमत ठाऊक नाही, त्याने दुसऱ्याला निर्णयाची घाई करू नये.

५. मदत आणि साक्ष

आपला न्यास धर्मादाय आहे, म्हणून हा भाग आपल्याला विशेष लागू आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे उच्चवर्णीय विधवांना शिक्षण मिळे, आणि कोणावर धर्माची सक्ती करायची नाही असे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, पण दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. यावरून मोठे वादळ उठले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रकरणात दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही खरे आहेत. रमाबाईंचा प्रश्न असा की, आपली श्रद्धा लपविण्यासाठी मी माझ्या घराचे दार का लावून घ्यावे? पालकांचा प्रश्न असा की, जिचे अन्नवस्त्र आणि आसरा एकाच व्यक्तीच्या हाती आहे, त्या मुलीचे 'आपण होऊन' येणे कितपत मोकळे असेल? पहिला प्रश्न विचारण्याचा हक्क रमाबाईंना होता. दुसरा प्रश्न मात्र दुसऱ्यांनी विचारण्यापूर्वी देणाऱ्याने स्वतःला विचारला पाहिजे. म्हणून आम्ही तरुण कार्यकर्त्यांना एक साधा नियम सांगतो : जो मनुष्य फीसाठी, औषधासाठी किंवा धान्यासाठी आपल्या दारी आला आहे, त्याच्याशी त्या वेळी धर्माविषयी बोलू नये. त्याची गरज भागवावी, आणि ती भागविताना त्याचा धर्म विचारू नये. गरजेत सापडलेला मनुष्य 'नाही' म्हणू शकत नाही. आणि ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला काय अर्थ?

देशाचा कायदाही ध्यानात ठेवावा. घटनेच्या २५ व्या कलमाने सर्वांना सद्‌सद्विवेकाचे, तसेच धर्म पाळण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. मध्य प्रदेश, गुजरात इत्यादी राज्यांत बळजबरी, आमिष आणि फसवणूक यांविरुद्ध स्वतंत्र कायदे आहेत. ज्याने त्याने आपल्या राज्यातील तरतुदी जाणत्या वकिलाकडून समजून घ्याव्यात. पण कायदा नसता तरी आमचा पाठ बदलला नसता. मनुष्य मनुष्याला पालटू शकत नाही, ही तर आपल्या विश्वासाचीच शिकवण आहे.

६. शिष्यत्व : सोबत चालणे

एखाद्याने विचारपूर्वक प्रभूला अनुसरण्याचे ठरविले, तर आपले काम संपले असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ते तेव्हा सुरू होते. अपुल्लो मोठा वक्ता होता, पण त्याचे ज्ञान अपुरे होते. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या तंबू शिवणाऱ्या दांपत्याने त्याला भरसभेत खोडून काढले नाही. त्यांनी त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. शिष्यत्वाची शाळा म्हणजे बहुधा असे एखादे जेवणघर असते.

व्यवहारात काय करावे? आठवड्यातून एकदा दोघांनी एकत्र बसून मार्ककृत शुभवर्तमान वाचावे. त्याचे सोळा अध्याय आहेत. दर बैठकीस एक घेतला तर चार महिन्यांत ते पुरे होते. शिकविण्याचा आव आणू नये. जे कळले नाही ते कळले नाही असे म्हणावे. त्याला आईवडिलांपासून तोडू नये. त्याचे नाव, पोशाख, सणासुदीला घरी जाणे, यांत लुडबूड करू नये. टिळक अखेरपर्यंत नारायण वामन टिळकच राहिले. आपण त्याचे सावकार किंवा मालक होऊ नये, म्हणजे त्याला आपल्याशी मतभेद दाखविता येईल. आणि एक दिवस तो आपल्यापुढे निघून गेला तर आनंद मानावा.

पौलाने तीमथ्याला जे लिहिले त्यात चार पिढ्या मोजता येतात : पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे, आणि ती ज्यांना शिकवतील ते. त्या तीमथ्याच्या मागेही आई युनीके आणि आजी लोईस होत्या. न्यासाची वर्षे आपण मोजतो तेव्हा ही मोजणीही विसरू नये.

७. चार आठवड्यांचा अभ्यास

पहिला आठवडा : योहानाचा चौथा अध्याय तीनदा वाचावा. कोण कोणाला काय विचारतो त्याची यादी करावी.

दुसरा आठवडा : एका परिचिताजवळ अर्धा तास केवळ ऐकण्यासाठी बसावे. घरी येऊन त्याची काळजी कोणती आणि आनंद कोणता, हे आपल्याला सांगता येते का ते पाहावे.

तिसरा आठवडा : आपली साक्ष एका पानात, मंदिरातील ठरावीक शब्द टाळून, साध्या मराठीत लिहावी. ज्याच्याशी आपला रोजचा व्यवहार आहे त्याला ती खरी वाटेल का, हे स्वतःला विचारावे.

चौथा आठवडा : एका माणसासाठी नाव घेऊन रोज प्रार्थना करावी. त्याला हे सांगू नये, आणि हिशेब ठेवू नये.

विचारासाठी प्रश्न

१) ज्याच्याशी आपण बोलू इच्छितो त्याने कधीच मान्य केले नाही, तर आपली मैत्री तशीच राहील काय?

२) रमाबाईंचे दार आणि पालकांची शंका, यांचा मेळ आपल्या संस्थेच्या कामात आपण कसा घालू?

३) त्या आगगाडीतील गृहस्थांप्रमाणे, आपले नाव कोणालाही न कळता काम करण्यास आपण तयार आहोत काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे मनापासून देता येईपर्यंत बोलण्यास आरंभ करू नये. ते देता आले, तर मग गप्प राहण्याचे काही कारण उरत नाही.