दोन डेक, एक डाव

नेट फ्रेंच यांनी रचलेला आणि ‘फँटसी फ्लाइट गेम्स’ने २०११ मध्ये आणलेला ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द कार्ड गेम’ एकमेकांना हरवण्यासाठी नाही. समोर संकटांच्या पानांचा गठ्ठा आणि आपण सगळे एका बाजूला. मी गोंडोर राज्याचा डेक खेळतो, धाकटा भाऊ रोहन राज्याचा. ५०-५० पानांचे हे दोन डेक जुळवताना पटलेल्या काही गोष्टी :

१. आधी कामं वाटा, मग पानं निवडा. कबड्डीत एक चढाई करतो, बाकीचे पकड सांभाळतात, इथेही तसंच. रोहनने मोहीम पुढे न्यायची, गोंडोरने शत्रू अंगावर घ्यायचे. दोन्ही डेक सगळंच थोडं थोडं करू लागले, की कुठलंच काम धड होत नाही. शिवाय दुसरा खेळाडू म्हणजे दर फेरीला आणखी एक संकट!

२. डेक मुद्दाम अपुरा ठेवा. भावाकडे एओविन, दुन्हेरे आणि थेओद्रेद हे नायक आहेत. बचावाला त्यांच्यात कुणी भक्कम नाही आणि ती उणीव मी भरूनही काढू देत नाही. कारण माझ्याकडचा बेरेगॉन्ड ‘सेंटिनल’ आहे : भावावर झालेला हल्लाही तो झेलू शकतो. भावाच्या डेकमध्ये ढाली भरल्या, तर तेवढे घोडेस्वार कमी होतील.

३. थ्रेटमधला फरक कामाला लावा. नायकांच्या पानांवरच्या धोक्याच्या आकड्यांची बेरीज म्हणजे सुरुवातीचा थ्रेट. रोहनचा ९, ८ आणि ८ मिळून २५. माझ्या बोरोमिर, बेरेगॉन्ड, डेनेथॉरचा ११, १० आणि ८ मिळून २९. हिल ट्रोल हा शत्रू ३० किंवा त्याहून जास्त थ्रेट असलेल्याच्या अंगावर येतो आणि थ्रेट दर फेरीला एकाने चढतो. म्हणजे दुसऱ्याच फेरीत तो माझ्याकडे येणार, भाऊ मात्र अजून काही फेऱ्या मोकळा. तटबंदी सांभाळणाऱ्याचा थ्रेट जास्त असलेलाच बरा.

४. ‘खेळाडू निवडा’ असं लिहिलेलं पान दिसलं, की थांबा. जोडीची खरी ताकद तिथे असते. गोंडोरचा सहकारी फारामिर एका खेळाडूच्या सगळ्या पात्रांची, मोहिमेला लागणारी इच्छाशक्ती एकाने वाढवतो. तो मी नेहमी भावासाठी वापरतो. थेओद्रेद मोहिमेवर निघाला, की सोबतच्या कुठल्याही नायकाला पानं खेळण्यासाठी लागणारं एक नाणं देतो. ते बोरोमिरला मिळतं. एओविनसाठी तर प्रत्येक खेळाडू फेरीतून एकदा हातातलं एक पान टाकून तिची इच्छाशक्ती वाढवू शकतो. माझी निरुपयोगी पानंही अशी कामी येतात.

५. एकमेव पानांची वाटणी घरीच करा. ज्या पानावर तसं चिन्ह आहे, त्याची एकच प्रत टेबलावर राहू शकते. ‘स्टुअर्ड ऑफ गोंडोर’ फेरीला दोन जादा नाणी देतं. दोघांनाही हवंच असतं. पण तीन वेगवेगळ्या रंगांचे नायक सांभाळणाऱ्या माझ्या डेकला पैशाची चणचण जास्त, म्हणून ते माझ्याकडे.

६. कथेचं बंधन माणसांना लावा, प्रसंगांना नको. रोहनच्या डेकमध्ये एल्फ सैनिक आम्ही घेत नाही. ‘गालाध्रिम्स ग्रीटिंग’ हे प्रसंगाचं पान मात्र घेतो. ते एल्फांच्या लोरियनचं असलं तरी एका खेळाडूचा थ्रेट सहाने उतरवतं आणि थ्रेट ५० झाला की खेळाडू बाद. भाऊ कुरकुरतो, “रोहनमध्ये एल्फांचं काय काम?” मग तेच पान माझ्यासाठी टाकतो.

७. एकमेकांचा डेक पाठ असू द्या. खेळताना बोलायला मुभा आहे, पण हातातल्या पानाचं नाव सांगायचं किंवा ते वाचून दाखवायचं नाही, असा नियम आहे. “संकट उलटलं तरी घाबरू नकोस” एवढं भाऊ म्हणाला, की त्याच्या हातात उलटलेल्या संकटाचा परिणाम रद्द करणारं ‘अ टेस्ट ऑफ विल’ आहे हे मी ओळखतो. दोघांनी एकत्र बसून डेक बांधले तरच हे जमतं.

८. शेवटच्या फेरीत जीव राखू नका. शेवटची मोहीम पुरी होताना एक खेळाडू जरी उरला, तरी बाद झालेल्यांसह सगळे जिंकतात. म्हणून शेवट जवळ आला, की सगळे शत्रू मी अंगावर घेतो आणि भावाला मोकळं सोडतो. गोंडोर पडलं तरी चालेल, डाव आमचाच.