गुडघा किती वेळात सुजला?

पहाटे भरतीसाठी १६०० मीटर पळणारी पोरं, एमआयडीसीतली पाळी संपवून सोलापूर हायवेनं दुचाकीवर घरी जाणारे कामगार आणि उसाच्या सरीत उकिडवं बसून खुरपणाऱ्या बाया. लोणी देवकर परिसरातल्या या सगळ्यांची तक्रार एकच असते, “डॉक्टर, गुडघा धरलाय.” उपचार मात्र प्रत्येकाचा वेगळा. मार लागलेला असेल तर मी पहिल्यांदा विचारतो, “सूज किती वेळात आली?”

कबड्डीत चढाई करताना पाय रोवला, अंग वळलं, आत ‘कट्’ असं वाजलं आणि दोन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साठलेलं असू शकतं. अशा वेळी पहिला संशय एसीएल या आतल्या लिगामेंटवर जातो. सूज सावकाश, दुसऱ्या दिवशी आली आणि गुडघा मध्येच अडकून सरळ होईना, तर दोन हाडांमधली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली असावी. कुस्तीत पाय मुरगळून हे बऱ्याचदा होतं.

पहिले दोन दिवस

खेळ तिथंच थांबवा. फडक्यात बर्फ गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा लावा. क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर ठेवा. चोळणं, गरम शेक आणि कुणाकडून ओढून ‘बसवून’ घेणं अजिबात नको. चार पावलं टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल किंवा वाटीवर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा.

ऑपरेशन कुणाला?

एसीएल तुटलं म्हणजे ऑपरेशन ठरलेलं नाही. पुन्हा मैदानात उतरायचं असेल किंवा चालता-चालता गुडघा सारखा दगा देत असेल, तर दुर्बिणीतून नवं लिगामेंट बसवतात. त्यासाठी बहुतेक वेळा रुग्णाच्याच मांडीमागच्या स्नायूचा टेंडन वापरतात. त्यानंतर साधारण नऊ महिने स्पर्धा विसरायची. ऑपरेशन तासा-दोन तासांचं, खरी मेहनत पुढच्या फिजिओथेरपीत आहे. तरुणाची काठाशी फाटलेली गादी शिवता येते. पन्नाशीनंतर झिजून फाटलेल्या गादीला मात्र आधी व्यायामच. या वयात न दुखणाऱ्या गुडघ्याच्या एमआरआयमध्येही फाट दिसू शकते, म्हणून रिपोर्ट वाचून घाबरू नका.

भरतीच्या पोरांचं दुखणं बहुधा वाटीभोवती असतं आणि जिना उतरताना वाढतं. जाहिरात निघाली की एकदम डांबरावर पळायला लागल्याचा हा परिणाम. अंतर निम्मं करा, उड्या थांबवा, मांडी आणि खुब्याचे व्यायाम करा. मग दर आठवड्याला थोडं थोडं अंतर वाढवा.

मावशी, तुमच्यासाठी

“वंगण संपलंय, आता काय होणार नाही,” असं ऐकून अनेक जणी उपचारच सोडतात. झीज भरून येत नाही, पण दुखणं नक्की कमी होतं. एक किलो वजन उतरलं की गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोंनी हलका होतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाच सेकंद खाली दाबा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. खुरपताना बुटकं स्टूल घ्या, घरी कमोडची खुर्ची वापरा आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. अनोळखी पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. मनानं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात व्रण होतात, किडनीही बिघडते. उन्हात पाण्याविना राबणाऱ्या ऊसतोड मजुरांना हा धोका जास्त.

इतकं करूनही रात्रीची झोप उडत असेल आणि घरातल्या घरात चालणं अवघड झालं असेल, तर सांधेबदलाचा विचार करावा. पंतप्रधान असताना वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले होते, एक २००० मध्ये आणि दुसरा २००१ मध्ये. त्यानंतर ते २००४ पर्यंत पदावर होते. सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची तेव्हाची मर्यादा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी होती. हा नुसत्या सांध्याचा भाव, ऑपरेशनचा खर्च वेगळा. तेव्हा बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. सरकारी योजनेत काय बसतं, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप असेल, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी इंदापूर किंवा बारामतीचं मोठं रुग्णालय गाठा. लहान मूल लंगडत गुडघा दाखवत असेल, तर त्याचा खुबाही तपासून घ्या.

तपासणीला येताना सैल पायजमा घाला, जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणा. आधी कुणाकडून चोळून घेतलं असेल तर तेही सांगा. रागावणार नाही, पण मला ते कळायला हवं.