मनातील केर
अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली डेबूजींचा जन्म झाला. दारूपायी वडील अकाली गेले, तेव्हा डेबूजी अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामांच्या घरी वाढले. पुढे त्यांच्या मुलीचे बारसे आले. अशा प्रसंगी भाऊबंदांना मद्यमांसाचे जेवण देण्याची रूढी होती. रूढी मोडताना ‘लोक काय म्हणतील?’ हे भय मनाला मागे ओढते. डेबूजींनी ते बाजूस सारून गोडाधोडाची पंगत घातली.

हेच पुढे गाडगेबाबा झाले. दिवसा ते हाती खराटा घेऊन गाव झाडीत. रात्री कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत. दुसऱ्याच्या उपदेशापुढे मन अडून बसते. स्वतःच्या तोंडून निघालेले उत्तर मात्र त्याला नाकारवत नाही. मनातील केर ज्याचा त्यानेच काढावयाचा असतो.