अडलंय कुठे, ते आधी लिही

अगं, संवर्धनाच्या प्रशिक्षणासाठी अनुदानाचा अर्ज उघडण्याआधी एक कोरा कागद घे आणि तुझं काम नेमकं कुठे अडतंय ते दोन-तीन ओळींत लिही. ‘वारशाची मला लहानपणापासून ओढ आहे’ असं लिहू नकोस. निवड समितीने ते इतक्यांदा वाचलेलं असतं की नजर त्यावर थांबतच नाही. त्याऐवजी असं लिही: वाड्यातल्या भित्तिचित्राचा गिलावा भिंतीपासून सुटलाय, मागे पोकळी झालीय, ती भरायला हलकं आणि कमी पाण्याचं मिश्रण लागतं, ते बनवून पिचकारीने आत सोडायची तालीम मला इथे मिळालेली नाही. समितीत कुणीतरी हातांनी काम केलेला माणूस असतोच. त्याला हे वाचल्याबरोबर कळतं की ही पोरगी परांचीवर उभी राहून आलेली आहे.

मग कोर्स निवड. बहुतेक जण उलट करतात; रोम किंवा लंडन आधी ठरतं आणि गरज मागाहून शोधली जाते. अजिंठ्याचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेव. निजाम सरकारने 1920 ते 1922 या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना तिथे बोलावलं. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का बसवला, हे त्यांचं श्रेय कुणी नाकारत नाही. पण चित्रांवर जे लाखेचं वार्निश चढवलं ते पुढे पिवळं-तपकिरी पडलं, आणि ते काढण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची वर्षानुवर्षं गेली. इटलीतलं भित्तिचित्र म्हणजे प्रामुख्याने ओल्या चुन्यात मुरलेला रंग. अजिंठ्यात बेसॉल्टवर मातीचा गिलावा आणि त्यावर कोरड्या पृष्ठभागावर बसवलेला रंग. म्हणून अर्जात एक परिच्छेद यासाठी राखून ठेव: तिथे शिकलेलं इथल्या पावसाळ्यात, इथल्या मातीवर कसं तपासून बघणार आहेस. हा परिच्छेद फारच थोडे लोक लिहितात.

पैसे कुठे मागायचे? त्याआधी जवळचं प्रशिक्षण बघ. लखनौची राष्ट्रीय संवर्धन संशोधन प्रयोगशाळा 1976 पासून आहे, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था 1984 पासून, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे. इथलं एखादं छोटं प्रशिक्षण पदरात असलं की परदेशी समितीला तुझी निवड धोक्याची वाटत नाही. संग्रहालयात असशील तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या भारतीय संग्रहांसाठीच्या नेहरू ट्रस्टची छोटी अनुदानंही बघ. नाव मोठं असलं तरी भारतातल्या भारतात अभ्यास करायलाही ती दिली गेली आहेत.

ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टचं नाव सगळे घेतात, पण त्यामागची गोष्ट कुणी सांगत नाही. वॉलेस कलकत्त्यातला व्यापारी, 1916 मध्ये वारला. त्याच्या संपत्तीतूनच 1981 मध्ये हा ट्रस्ट उभा राहिला. पैसा इथे कमावलेला आहे. मागताना मान खाली घालायचं काही कारण नाही.

रोमच्या इक्रोम या आंतरराष्ट्रीय संवर्धन संस्थेचा रिवाज वेगळा आहे. अनेक कोर्सना फी असते, आर्थिक मदत मोजक्याच निवडलेल्यांना मिळते, आणि आधी आपल्या सरकारकडे, नोकरीच्या संस्थेकडे विचारा असं ते स्वतःच सांगतात. तर खरोखर विचार, आणि लेखी विचार. संस्थेने निम्मी रक्कम कबूल केली, किंवा नुसती भरपगारी रजा दिली, तरी ते पत्र अर्जाला जोड. नकार आला तर तोही जपून ठेव. जुन्या सागवानी वाड्यांवर काम करणार असशील तर युनेस्कोशी संबंधित आशिया-पॅसिफिक सांस्कृतिक केंद्राचं जपानच्या नारा इथलं कार्यालय विसरू नकोस. लाकडी इमारतींवर ते आशिया-पॅसिफिकच्या लोकांना प्रशिक्षण देतं आणि निवडलेल्यांचा प्रवास व राहणं तेच बघतं. आपल्याकडे याची चर्चा का होत नाही कुणास ठाऊक. सगळ्यांचं लक्ष युरोपाकडे.

पात्रतेची ओळ मात्र सगळ्यात आधी वाच. ब्रिटनमधला अ‍ॅना प्लाउडन ट्रस्ट तिथे काम करणाऱ्या संवर्धकांसाठी आहे. तुझी मैत्रीण लंडनला असेल तर तिला सांग, तू त्यात संध्याकाळ घालवू नकोस. आणि इमारतीसाठीचा निधी व माणसासाठीचा निधी यांत गल्लत करू नकोस. देवळाच्या दुरुस्तीचं अनुदान तुझ्या विमानाच्या तिकिटाला वापरता येत नाही, कितीही गोड बोललीस तरी.

परदेशी पैसा ओळखीच्या एखाद्या संस्थेच्या खात्यातून घेऊ असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हण. संस्थेला परकीय देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. शिष्यवृत्ती तुझ्या नावावर असू दे, आणि अनुदान देणाऱ्याने फी थेट कोर्स चालवणाऱ्यांनाच भरावी असं पत्रात सुचव. मध्ये जितके कमी हात, तितका हिशेब सोपा.

अंदाजपत्रक हे अर्जाचं खरं तोंड आहे. गोल आकडे दिसले की वाचणाऱ्याला शंका येते. तिकीट, व्हिसा, विमा, राहणं, तिथला रोजचा प्रवास, हत्यारं, साहित्य, सगळं वेगळं मांड आणि दर कुठून घेतला ते बाजूला लिही. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा लागतो. तो खर्च लोक हमखास विसरतात. रुपया घसरेल म्हणून थोडी रक्कम उघडपणे राखीव दाखव. अनुदान आगाऊ मिळतं की खर्चानंतर भरपाई म्हणून, हे ईमेल करून विचार. भरपाई असेल तर तोवर तिकिटाचे पैसे घरातून काढावे लागतात, आणि तू स्वतंत्र काम करत असशील तर त्या महिन्यांची कमाईही बुडते. हे घरी आधी बोलून घे, निकाल लागल्यावर नाही.

शिफारसपत्रासाठी मोठ्या नावाच्या मागे लागू नकोस. तुला काम करताना पाहिलेला माणूस हवा. त्याला महिनाभर आधी सांग, सोबत तुझा मसुदा आणि स्थिती-नोंदी पाठव, म्हणजे तो ‘मेहनती व प्रामाणिक’ यापलीकडे काही लिहू शकेल. कामाचे फोटो आधीचे, मधले आणि नंतरचे, तिन्ही लाव. मधले फोटो सगळ्यात महत्त्वाचे, कारण हात कळतो तो तिथेच. फोटो लावण्याआधी वाड्याच्या मालकाची परवानगी घे.

परत आल्यावर अहवाल वेळेत दे, पावत्यांसकट, आणि उरलेली रक्कम न मागता परत कर. कुणाला काय शिकवलंस तेही लिही. गवंड्यांना एक दुपार बसवून मिश्रण करून दाखवलंस तरी ते अहवालात येऊ दे. तुझ्या मागून इथलंच कुणीतरी अर्ज करणार आहे, आणि ट्रस्टवाले तुझी फाइल काढून बघणार आहेत.

हो, आणि पासपोर्ट आजच काढून बघ. शेंगेनसाठी परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी मुदत लागते आणि दोन पानं कोरी.